मांजरेच्या काठची तीन राज्ये

मांजरा नदी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत उगम पावते. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे. लातूर शहर त्याच धरणाचं पाणी पितं. पुढे ती बीदर जिल्ह्यात शिरते आणि तिथून तेलंगणात जाते. संगारेड्डी जिल्ह्यातल्या सिंगूर धरणाचं पाणी हैदराबाद शहरापर्यंत नेलेलं आहे. त्याच्याही खाली निजामसागर, १९३१ मध्ये पूर्ण झालेला. सातशेहून अधिक किलोमीटरची वाट चालून ही नदी नांदेड आणि निजामाबाद जिल्ह्यांच्या सीमेजवळ गोदावरीला मिळते. १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत ही सगळी वाट एकाच राज्यातून जात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची भाषेनुसार विभागणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, गुलबर्गा, बीदर आणि रायचूर म्हैसूर राज्यात गेले आणि तेलंगण आंध्रात गेलं. राजधानी एकाला मुंबई मिळाली, दुसऱ्याला बंगळुरू, आणि तिसऱ्याला स्वतःचंच हैदराबाद, पण तिथला कारभार आता इतरांबरोबर वाटून घ्यायचा होता.

हे पुस्तक या तीन प्रदेशांबद्दल आहे. देशाच्या आत, राज्याच्या आत काही प्रदेश पुढे जातात आणि काही मागे राहतात, हे आपल्याला माहीत असतं आणि त्याची कारणंही आपल्याकडे तयार असतात. पाऊस कमी, जमीन हलकी, पुढारी नालायक, लोक आळशी. यातलं शेवटचं कारण मी मराठवाड्याबद्दल शिकलेल्या माणसांच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे आणि दर वेळी संतापलो आहे. अशी कारणं तपासून पाहायची तर दोन प्रदेशांची सुरुवात एकसारखी असलेलं उदाहरण हवं, आणि इतिहासात ते सहसा सापडत नाही. हैदराबाद संस्थानाचं विभाजन हे तसं दुर्मीळ उदाहरण आहे. एकच राजा, एकच महसूल व्यवस्था, एकच राजभाषा, एकाच दिवशी झालेली मुक्ती. आणि पुढची सत्तर वर्षं तीन वेगवेगळ्या घरांत.

सुरुवातीचा वारसा आधी पाहू. संस्थानातली सगळी जमीन सरकारी महसुलाखाली नव्हती. मोठा भाग जागीरदारांकडे होता आणि शिवाय निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खास वेगळा होता. जागिरी रद्द झाल्या त्या १९४९ मध्ये, संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर. उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूत शिकवत असे, आणि भारतीय भाषेत विद्यापीठ चालवण्याचा तो प्रयोग त्या काळी धाडसी होता हे मान्य करायला हवं. पण परभणीच्या मराठी मुलाला, रायचूरच्या कन्नड मुलाला आणि नलगोंड्याच्या तेलुगू मुलाला त्याचा उपयोग आधी परकी भाषा पार केल्यावरच होणार होता. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातल्या जेमतेम नऊ-दहा लोकांना लिहिता-वाचता येत होतं. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडला पीपल्स कॉलेज ही दोन्ही १९५० ची, म्हणजे मुक्तीनंतरची. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झालं होतं. महाविद्यालयांतलं हे अंतर तीन पिढ्यांचं आहे.

पाण्याची कथा तर त्याहून बोलकी आहे. मांजरेचा उगम बीड जिल्ह्यातला, पण निजामाच्या काळातलं तिच्यावरचं मोठं धरण निजामाबादला झालं. त्या पाण्यावर तिथे ऊस उभा राहिला आणि बोधनला साखर कारखाना आला. मराठवाड्याच्या वाट्याला त्या काळात एकही मोठा सिंचन प्रकल्प आला नाही. त्याच सुमाराला पलीकडे, मुंबई इलाख्यात काय चाललं होतं? १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, आणि त्यानंतर इंग्रज सरकारने दुष्काळनिवारणासाठी कालवे काढायला सुरुवात केली. नीरा डावा कालवा १८८५ चा आणि भंडारदरा धरण १९२६ चं. हे पाणी प्रवरेच्या आणि नीरेच्या काठी आधी पोचलं म्हणून तिथे आधी ऊस पिकला, आणि ऊस होता म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांना १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करता आला. सहकाराचं श्रेय त्या माणसांना द्यायलाच हवं. पण प्रवरानगरजवळच्या लोणीचा शेतकरी उद्यमशील आणि बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारचा तसा नाही, असं म्हणणाऱ्याने या दोन गावांच्या मधून १९४८ पर्यंत एक सरहद्द जात होती हे लक्षात ठेवावं. सरहद्दीच्या एका बाजूला कालव्याचा निर्णय झाला आणि दुसऱ्या बाजूला झालाच नाही.

रेल्वेचंही तसंच. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणारा निजामाचा लोहमार्ग मीटरगेज होता. मुंबईकडे जाणारा माल मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. हा मार्ग रुंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. अहमदनगर-बीड-परळी मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. बीड शहरात रेल्वेगाडी पोचायला २०२५ साल यावं लागलं.

म्हणजे वारसा वाईट होता, यात शंका नाही. पण निजामाकडे बोट दाखवण्याची सोय आता पुष्कळ वापरून झाली आहे. आज मराठवाड्यात जन्मणारं मूल निजामाच्या प्रजेचं पणतू आहे. मधल्या सत्तर वर्षांचा हिशेब लोकशाहीतल्या सरकारांना द्यायचा आहे, आणि या पुस्तकाचा मोठा भाग त्या हिशेबाचाच आहे.

तिन्ही प्रदेश नव्या राज्यांत गेले ते आश्वासनं घेऊन. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर यांच्यासारख्या नेत्यांच्या सह्या आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत आणि शिक्षणात प्रमाणशीर वाटा, नागपूरला दरवर्षी विधिमंडळाचं अधिवेशन, आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष, असं त्यात ठरलं. तेलंगणासाठी २० फेब्रुवारी १९५६ ला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ झाला. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने तर तेलंगणाला लगेच आंध्रात घालू नये आणि विदर्भाचं स्वतंत्र राज्य करावं असं सुचवलं होतं. दोन्ही सूचना मानल्या गेल्या नाहीत. कन्नड जिल्ह्यांसाठी असा मोठा करारही झाला नाही.

या करारांमध्ये एक उणीव समान होती. करार मोडला तर न्यायालयात दाद मागण्याची सोय त्यांत नव्हती. नागपूरचं अधिवेशन भरत राहिलं, कारण ते दिसतं. निधीच्या प्रमाणाचं काय झालं हे दिसत नव्हतं, ते मोजावं लागत होतं, आणि मोजायला कोणी बसलं नव्हतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं आणि राज्यपालांची विशेष जबाबदारी यांची तरतूद १९५६ पासून आहे. ही मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. मधल्या अडतीस वर्षांत तेलंगणात १९६९ चं आंदोलन पेटलं, त्यात अनेक तरुणांचे प्राण गेले, आणि मराठवाड्यात १९७४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या माणसाला स्वतंत्र भारतात पुन्हा आंदोलनाचं नेतृत्व करावं लागलं, हे मला त्या काळाचं सर्वांत दुःखद चित्र वाटतं.

मोजणी अखेर १९८३ मध्ये सुरू झाली. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढली, कोणता जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहिलं आणि ती खोट भरून काढायला किती पैसे लागतील याचा आकडा मांडला. १९८४ च्या अहवालात हा अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा निघाला. विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. सगळ्यात मोठी खोट सिंचनात होती.

अनुशेष हा शब्द तेव्हापासून मराठी राजकारणात रुळला. त्याने मोठं काम केलं, हे मी आवर्जून लिहितो. तोवर मागास भागाचा माणूस गाऱ्हाणं घेऊन येत असे. आता तो आकडा घेऊन येऊ लागला. पण या आकड्यांकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष मराठवाड्यापेक्षा जास्त होता! लोकसंख्या बरीच मोठी असल्याने दरडोई पाहता मराठवाडाच अधिक मागे होता, हे खरं. तरीही पुण्या-मुंबईच्या ज्या भागाला आपण पुढारलेला म्हणतो, त्याच्या पोटात एक तृतीयांशाहून अधिक अनुशेष होता. हा कुणाचा? कोकणाचा, धुळ्याच्या आदिवासी तालुक्यांचा (नंदुरबार जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता), माण-खटावचा, जतचा. जिल्हा हे एककही अशीच फसगत करतं. जुन्या अहमदनगर जिल्ह्यात उत्तरेला कोपरगाव, श्रीरामपूर, राहाता हे कालव्यांचे तालुके आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड हे कोरडे. जिल्ह्याची सरासरी काढली की प्रवरेचं पाणी कागदावर पाथर्डीच्या शेतातही वाहतं.

विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने म्हणूनच तालुका हे एकक धरायला सांगितलं. तिचा अहवाल २०१३ मध्ये सादर झाला आणि २०१४ च्या अखेरीस विधिमंडळापुढे आला. कर्नाटकाने हेच काम एक तप आधी केलं होतं. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये राज्याच्या १७५ तालुक्यांची तपासणी करून ११४ तालुके मागास ठरवले आणि त्यांच्या तीन पायऱ्या केल्या: ३९ अत्यंत मागास, ४० अधिक मागास, ३५ मागास. त्या ३९ पैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागात होते. ही यादी घेऊन आमदार भांडू शकत होता, पत्रकार दरवर्षी विचारू शकत होता. तिच्यात दक्षिण कर्नाटकातलेही तालुके होते, त्यामुळे हा उत्तरेचा दक्षिणेवरचा राग आहे असं म्हणून कुणाला ती बाजूला सारता आली नाही. पुढे २०१२ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (जे) आला. या प्रदेशातल्या शिक्षणसंस्थांत स्थानिक मुलांसाठी ७० टक्के जागा राखीव झाल्या, सरकारी नोकऱ्यांतही वाटा ठरला. (त्यात बळ्ळारीही आहे. ती निजामाने १८०० मध्येच इंग्रजांना दिली होती.) ज्या प्रदेशाला १९५६ मध्ये सगळ्यांत कमी आश्वासनं मिळाली, त्यालाच न्यायालयात उभं राहता येईल असा हक्क मिळाला. कलबुर्गी (म्हणजे पूर्वीचं गुलबर्गा) आणि यादगीरचं दारिद्र्य त्याने हटलेलं नाही. पण तिथल्या मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळणं हा आता कुणाच्या मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही.

तेलंगणाने वेगळी वाट धरली. २ जून २०१४ ला ते स्वतंत्र राज्य झालं. नव्या राज्याने जुन्या तळ्यांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम हाती घेतला, घरोघरी नळाचं पाणी नेण्याचा प्रयत्न केला, दहा जिल्ह्यांचे पुढे तेहतीस केले. दरडोई उत्पन्नात ते देशातल्या पुढच्या राज्यांत गेलं. हे पाहून विदर्भात आणि मराठवाड्यात अनेकांना वाटतं की इलाज हाच. मला तसं वाटत नाही, आणि या मताचं कारण द्यायला हवं. तेलंगण वेगळं झालं तेव्हा हैदराबाद त्याच्याबरोबर आलं. तिथले उद्योग, संगणक कंपन्या, विमानतळ आणि त्यांचा कर नव्या राज्याच्या तिजोरीत आला. मराठवाडा वेगळा झाला तर त्याच्या वाट्याला वाळूज आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत येईल. तेवढ्यावर आठ जिल्ह्यांचा संसार चालत नाही. शिवाय तेलंगणाच्या सरासरीतून हैदराबाद आणि रंगारेड्डी बाजूला काढले तर आदिलाबाद-आसिफाबादकडचं चित्र आपल्या ओळखीचंच दिसतं. आणि नव्या राज्याचीही एक जखम आपल्या बाजूला आहे. कालेश्वरम प्रकल्पाचा मेडीगड्डा बंधारा गोदावरीवर, गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याला लागून बांधला गेला. त्याच्या फुगवट्यात सिरोंचा तालुक्यातली शेतं गेली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच बंधाऱ्याचे खांब खचले. एका मागास प्रदेशाला पाणी देताना दुसऱ्या राज्यातल्या त्याहून मागास तालुक्याने किंमत मोजली.

पुढारी कमी पडले का, हा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो. शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण हे चार मुख्यमंत्री मराठवाड्याचे. आंध्रात पी. व्ही. नरसिंह राव आणि चेन्ना रेड्डी तेलंगणाचे, कर्नाटकात वीरेंद्र पाटील आणि धरम सिंग गुलबर्ग्याचे. शंकररावांनी जायकवाडीसाठी केलेला आटापिटा सर्वांना माहीत आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेलं हे धरण मराठवाड्याचा सगळ्यात मोठा आधार आहे. तरीही पावसाळा कमी झाला की वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचं यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा दरवेळी समोरासमोर येतात, आणि समन्यायी वाटपाचा कायदा २००५ मध्ये होऊनही प्रकरण न्यायालयात जातं. मुख्यमंत्री कुठल्या गावचा यावर पाणी कुणाकडे जाणार हे फार थोडं ठरतं. साखर कारखाना, सूतगिरणी, दूधसंघ, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था अशी गावापासून मुंबईपर्यंत गुंफलेली साखळी ज्या प्रदेशात असते, त्याचा आमदार विरोधी बाकावर बसूनही काम करून घेतो. ज्या प्रदेशात ती नसते, तिथल्या मुख्यमंत्र्यालाही सत्ता टिकवण्यासाठी त्याच साखळीकडे पाहावं लागतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. धनेगावचं धरण आटलं होतं. त्याआधीच्या महिन्यात पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली गेली होती. ही बातमी देशभर गेली. मात्र ज्या शिवारात पाणी नाही तिथे ऊस कसा वाढत गेला, कारखाने कुणी मंजूर केले, विंधनविहिरी किती खोल गेल्या, याची चर्चा गाडी बंद झाली तशी थांबली. मराठवाड्यातल्या सत्ताधाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्राची वाट जशीच्या तशी उचलली. तिथे कालवे आधी आले होते आणि ऊस मागून. इथे ऊस आधी आला.

आता माणसांबद्दल. मागासलेपण रुपयांत मोजलं की जे सुटतं ते स्थलांतरात दिसतं. तिन्ही प्रदेशांतून माणसं बाहेर पडतात, फक्त दिशा निराळ्या. महबूबनगरचे, म्हणजे पालमूरचे मजूर धरणांच्या कामांवर देशभर गेले. करीमनगरकडचे पद्मशाली विणकर सोलापूर-भिवंडीच्या मागांवर आले, आणि नंतरच्या पिढ्या आखातात गेल्या. कलबुर्गी-यादगीरची माणसं बंगळुरू, पुणे, मुंबईच्या बांधकामांवर दिसतात. आणि बीड, जालना, परभणीची जोडपी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम आधीच उचल देतो, ती लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या उचलीत संपलेली असते, आणि पाच-सहा महिने ती फेडायची असते. फडाजवळ कोपी उभारायची, पहाटे थंडीत पाचटात उतरायचं, ट्रक भरेपर्यंत रात्र. एक जण आजारी पडला तर अख्ख्या कोयत्याचा खाडा. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

या आकड्यापाशी थांबावं लागतं. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, दवाखाना लांब, आणि पुन्हापुन्हा खर्च करण्यापेक्षा एकदाच काढून टाकलेलं बरं असं सांगणारं कुणीतरी जवळ आहे. दांडेकरांच्या तक्त्यात आरोग्याचा रकाना होता, रस्त्यांचा होता, सिंचनाचा होता. एका प्रदेशाचं सिंचन दुसऱ्या प्रदेशातल्या बाईच्या शरीरावर कसं उभं राहतं, हे दाखवणारा रकाना कुठल्याच समितीकडे नव्हता. प्रादेशिक असमतोल म्हणजे दोन वेगळे प्रदेश, एक पुढे आणि एक मागे, हे चित्र अपुरं आहे. मागचा पुढच्यासाठी राबतो. शिरूर कासारची, धारूरची, वडवणीची जोडपी नसती तर पश्चिम महाराष्ट्रातला गाळप हंगाम सुरूच झाला नसता. मुलं गावात हंगामी वसतिगृहात किंवा म्हाताऱ्या आजीपाशी राहतात, नाहीतर आई-बापांबरोबर फडात जातात आणि शाळा सुटते. पुढच्या पिढीचा कोयता तिथे तयार होतो.

म्हणून या पुस्तकातले लेख राज्यापासून सुरू होऊन तालुक्यापर्यंत आणि तालुक्यापासून कुटुंबापर्यंत उतरतात. वाचकाला काही ठिकाणी तक्ते जड वाटतील. ते वगळू नयेत अशी माझी विनंती आहे, कारण मागास प्रदेशाच्या हातात दीर्घकाळ टिकणारं दुसरं हत्यार नाही. आणि नेमकं तेच आज महाराष्ट्रात बोथट झालं आहे. तिन्ही वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि तेव्हा ती वाढवली गेली नाही. टाळेबंदीचे दिवस होते, फारसं कुणी बोललं नाही. या मंडळांनी चमत्कार केले नव्हते. त्यांच्या निधीतून झालेली कामं बहुतेक किरकोळ होती. पण त्यांच्यामुळे अनुशेषाचा आकडा दरवर्षी कुणाच्या तरी टेबलावर येत होता आणि राज्यपालांना सिंचनाच्या पैशांच्या वाटपाबद्दल निर्देश देता येत होते. मंडळं पुन्हा यावीत, पण जुन्या स्वरूपात येऊ नयेत. तीन प्रदेशांच्या सरासरीऐवजी तालुकावार आकडे दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवण्याचं कायदेशीर बंधन त्यांच्यावर असावं. त्या आकड्यांत किती किलोमीटर रस्ता झाला याबरोबर किती कोयते बाहेर गेले, किती मुलांची शाळा हंगामात सुटली आणि किती बायका कोणत्या वयात शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेल्या, हेही असावं. पाटोदा, औराद आणि नारायणखेड हे तीन तालुके एकाच खोऱ्यात, तीन राज्यांत आहेत. त्यांचे असे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे झाले तर आज ते एका ठिकाणी मिळत नाहीत. पुढच्या प्रकरणांमध्ये जमेल तेवढे ते जुळवण्याचा प्रयत्न केला आहे.